थायरॉईडचा ‘चांगला डॉक्टर’ कसा ओळखावा?

मागच्या सोमवारी संध्याकाळचा दवाखाना संपत आला असताना ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आले. हातात रक्ततपासणीचा कागद होता. खुर्चीवर टेकत म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मंडळींना थायरॉईड निघालंय. पुण्या-मुंबईकडचा एखादा चांगला डॉक्टर सुचवा. खर्चाचं आम्ही बघू.”

गुरुजींच्या घरी माझे वीस वर्षांपासून येणे-जाणे आहे. ‘चांगल्या’ डॉक्टरांत माझी गणना होत नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते. मला राग आला नाही, हसू आले. मी कागद पाहिला. टीएसएच १८ होते, फ्री टी-फोर कमी होते. मी विचारले, “काकू कुठं आहेत?” गुरुजी म्हणाले, “ती घरीच आहे. रिपोर्ट आणलाय ना मी.”

गुरुजींना काय सांगितले ते शेवटी सांगतो. पण हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतो. थायरॉईडचा चांगला डॉक्टर कोणता? माझे मत आधीच मांडतो. थायरॉईड कमी काम करण्याच्या विकाराला बहुतेक वेळा मोठा डॉक्टर लागत नाही, लक्ष देणारा डॉक्टर लागतो. तो तुमच्या तालुक्याच्या गावातही असू शकतो आणि शहरातल्या मोठ्या पाटीमागे नसूही शकतो. तो ओळखायचा कसा, हे समजण्यासाठी आधी आजार थोडा समजून घेऊ.

आजार आहे तरी काय?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची, साधारण २० ग्रॅम वजनाची एक ग्रंथी असते. ती थायरॉक्सिन नावाचा रस रक्तात सोडते. शरीराच्या चुलीचा जाळ किती ठेवायचा, हे हा रस ठरवतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिच्यावर मुकादमासारखी देखरेख करते. थायरॉईड मंदावली की हा मुकादम जोराने हाका मारू लागतो. ही हाक म्हणजे टीएसएच. म्हणून टीएसएच वाढलेले असते तेव्हा थायरॉईडचे काम कमी झालेले असते. “माझा थायरॉईड वाढलाय” असे सांगत येणाऱ्या बहुतेकांचा थायरॉईड प्रत्यक्षात कमी पडलेला असतो.

जाळ मंद झाला की सगळेच मंदावते. थकवा येतो, थंडी सोसत नाही, शौचाला कडक होते, कातडी कोरडी पडते, केस गळतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, आवाज जाड होतो, नाडी सावकाश चालते, विसर पडतो, मन उदास राहते. स्त्रियांना पाळीत जास्त रक्तस्राव होतो, दिवस राहण्यास अडचण येते. यातली प्रत्येक तक्रार दुसऱ्या कशानेही होऊ शकते. “वय झालं”, “कामाचा ताण आहे”, “अंगात रक्त कमी आहे” अशी कारणे घरोघरी तयार असतात. त्यामुळे आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह देशातील ८ शहरांमधल्या पाहणीत शंभरातल्या सुमारे ११ प्रौढांमध्ये हा विकार आढळला. त्यांतल्या जवळजवळ एक-तृतीयांश लोकांना आपल्याला तो आहे याची कल्पनाच नव्हती.

मोठ्या माणसांत याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेने चुकून आपल्याच ग्रंथीवर हल्ला करणे. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली याचे वर्णन केले, म्हणून या विकाराला त्यांचे नाव आहे. थायरॉईडची शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, आहारातील आयोडीनची कमतरता, तसेच लिथियम, अमिओडॅरोन यांसारखी औषधे ही इतर कारणे.

उपचार मात्र सोपा आहे. जे शरीरात कमी पडते तेच गोळीतून द्यायचे. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून हा उपचार प्रथम केला. पुढे तो अर्क त्या तोंडाने घेऊ लागल्या. त्या आणखी २८ वर्षे जगल्या आणि तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज एका छोट्या गोळीत ते काम होते आणि तिचा रोजचा खर्च टपरीवरच्या एका चहापेक्षा कमी आहे. मला या कथेतले विशेष वाटते ते असे की, डॉ. मरे यांनी त्या रुग्णाची शेवटपर्यंत नोंद ठेवली आणि १९२० साली ती हकिकत प्रसिद्ध केली. औषध शोधणे ही मोठी गोष्ट खरीच, पण एका रुग्णाची २८ वर्षांची नोंद ठेवणे हीही लहान गोष्ट नाही.

माझी चूक

दुसऱ्यांची पारख सांगण्याआधी स्वतःचे एक उदाहरण देतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी बाजारपेठेत खानावळ चालवणाऱ्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. पहिल्यांदा थकवा म्हणून आल्या. हिमोग्लोबिन साडेआठ होते, मी लोहाच्या गोळ्या दिल्या. मग पायावर सूज म्हणून आल्या, मी लघवी तपासली आणि सुजेची गोळी दिली. मग सांधे दुखतात म्हणून, मग पाळी जास्त जाते म्हणून, मग झोपच फार येते म्हणून. प्रत्येक वेळी एक तक्रार आणि तिच्यावर एक औषध. असे दोन वर्षे चालले.

पुढे त्या लेकीच्या गावी गेल्या असताना तिथल्या ग्रामीण रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने त्यांना पाहिले. त्याने आवाज ऐकला, कातडीला हात लावला, घोट्यामागे हातोडीने ठोकून पाहिले आणि रक्त तपासायला पाठवले. टीएसएच शंभराच्या वर होते. सहा महिन्यांनी मावशी पेढे घेऊन माझ्याकडे आल्या. चेहरा ओळखू येऊ नये इतका उजळला होता. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

त्या तरुण डॉक्टरकडे माझ्यापेक्षा मोठी पदवी नव्हती. त्याने फक्त सगळ्या तक्रारी एकत्र ठेवून पाहिल्या. मी त्या सुट्या सुट्या पाहिल्या होत्या. त्या दिवसापासून थकवा, सूज आणि पाळीची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला मी आणखी चार प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही.

पारख कशी करावी?

पहिली गोष्ट, चांगला डॉक्टर माणूस तपासतो, नुसता कागद नाही. तो नाडी पाहतो, गळ्याला हात लावतो, पाण्याचा घोट गिळायला सांगून ग्रंथी चाचपतो. घरात आणखी कोणाला हा आजार आहे का, इतर कोणती औषधे चालू आहेत, बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता का, असे विचारतो. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. पण बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावाने पीयूषिका ग्रंथीच निकामी होऊ शकते. अशा स्त्रीमध्ये टीएसएच वाढत नाही, थायरॉक्सिन मात्र कमी असते. नुसते टीएसएच पाहून “सगळं नॉर्मल आहे” असे सांगितले, तर ती बाई तशीच राहते.

दुसरी गोष्ट, तो आकड्याला घाबरत नाही आणि तुम्हालाही घाबरवत नाही. टीएसएच साधारण साडेचारपर्यंत ठीक मानतात. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते. ते दहाच्या वर असेल तर सहसा उपचार करावेत. पण साडेचार ते दहाच्या मधल्या माणसाला, विशेषतः वयस्कर माणसाला, लगेच जन्माची गोळी लावण्याची घाई नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासले की पुष्कळांचा आकडा आपोआप खाली आलेला दिसतो. फ्री टी-फोर आणि गरज पडल्यास अँटी-टीपीओ ही तपासणी करून मग ठरवावे. गरोदर स्त्री आणि मूल हवे असलेली स्त्री यांचा हिशेब वेगळा, तिथे थांबून चालत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीचे आकडे चुकू शकतात; त्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवाव्यात. हे विचारणारा डॉक्टर भेटला तर तो जाणकार आहे असे खुशाल समजा.

तिसरी गोष्ट, गोळी कशी घ्यायची हे तो नीट समजावतो. मी तर म्हणेन, या आजारात निम्मे डॉक्टरकीचे काम हेच आहे. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने, शक्यतो तासाने घ्यावा. आपल्याकडे चहाबरोबर गोळी घेण्याची सवय आहे, ती इथे चालत नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. नाहीतर त्या हिला आतड्यातच धरून ठेवतात. बाटली ऊन, दमटपणा आणि गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावी. कंपनी वारंवार बदलू नये. बदललीच तर पुन्हा तपासून घ्यावे. रक्त द्यायच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. डोस दुप्पट झाल्याशिवाय टीएसएच उतरत नाही असे वाटणाऱ्या कित्येकांचे आकडे मी नुसती चहाची वेळ बदलून खाली आलेले पाहिले आहेत.

चौथी गोष्ट, तो डोस बेताने ठरवतो आणि पुन्हा बोलावतो. तरुण, धडधाकट माणसाला वजनानुसार पूर्ण डोस सुरू करता येतो. वयस्कर आणि हृदयविकाराच्या रुग्णाला १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू चढवावे लागते, नाहीतर हृदयावर ताण येतो. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पाहावे. त्याआधी पाहिले तर आकडा स्थिरावलेला नसतो. नीट बसल्यावर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासणी पुरते. जास्त डोसही बाधतो. त्याने हाडे ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून बाटल्या आणत राहणारे रुग्ण आणि त्यांना कधीच परत न बोलावणारे डॉक्टर, दोघेही सारखेच चुकतात.

पाचवी गोष्ट, तो खोटी आशा विकत नाही. “थायरॉईड मुळापासून बरा करतो, गोळी बंद करतो” अशा जाहिराती आणि मोबाईलवरचे निरोप रोज फिरतात. बाळंतपणानंतर होणारी ग्रंथीची सूज किंवा औषधामुळे झालेला बिघाड कधी कधी तात्पुरता असतो, तो बरा होतो. पण हाशिमोटोने ग्रंथी निकामी झाली असेल तर गोळी बहुधा आयुष्यभर लागते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही; चष्माही आपण आयुष्यभर लावतोच. थायरॉईडची गोळी ही वजन उतरवण्याचीही गोळी नाही. तिने थोडे किलो उतरतात, त्यातही साठलेले पाणीच जास्त असते. चांगला डॉक्टर तुम्हाला कोबी-फ्लॉवर जन्मभर सोडायला लावत नाही. शिजवून, रोजच्या जेवणाच्या मापात ते खाल्ल्याने काही बिघडत नाही. आयोडीनयुक्त मीठ सोडून नुसते सैंधव वापरायलाही तो सांगत नाही. गळ्यात गाठ लागत नसताना दर वर्षी सोनोग्राफीला पाठवत नाही.

सहावी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट, त्याला आपली मर्यादा माहीत असते. लहान मूल, गरोदर स्त्री, हृदयाचा रुग्ण, गळ्यात वाढणारी गाठ, टीएसएच आणि टी-फोर यांचा मेळ न बसणे, किंवा नियमाने गोळी घेऊनही आकडा न बसणे, अशा वेळी तो स्वतःहून पुढे पाठवतो. कोणाकडे जायचे हेही माहीत असावे. ‘थायरॉईड स्पेशालिस्ट’ ही पाटी कोणीही रंगवून घेतो. एमबीबीएसनंतर एम.डी. आणि त्यानंतर तीन वर्षांचा अंतःस्रावी ग्रंथींचा डी.एम. हा अभ्यासक्रम केलेले डॉक्टर या विषयाचे खरे तज्ज्ञ. ते सगळ्या गावांत नसतात. पण गुंतागुंत नसेल तर चांगला फॅमिली डॉक्टर किंवा एम.डी. फिजिशियन हे काम नीट करू शकतो. शहरातल्या तज्ज्ञांना एकदा दाखवून पुढची देखरेख गावातल्या डॉक्टरकडे ठेवणे, हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. एस.टी.ने चार तास जाऊन दोन मिनिटे भेटायचे आणि लांब पडते म्हणून पुन्हा कधी जायचेच नाही, याला उपचार म्हणत नाहीत.

लपवलेली बाटली

आता एक मनाला चटका लावणारी गोष्ट. माझ्याकडे एक मुलगी एकोणिसाव्या वर्षापासून थायरॉईडची गोळी घेत होती. तब्येत उत्तम. चोविसाव्या वर्षी लग्न ठरले. आईने तिला बजावले, “सासरी यातलं काही बोलू नकोस, उगाच नाव ठेवतील.” गोळ्यांची बाटली माहेरच्या कपाटातच राहिली. दीड वर्षात मुलीचा दोनदा गर्भपात झाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. माहेरी आली तेव्हा आई तिला माझ्याकडे घेऊन आली. टीएसएच ४६ होते.

प्रत्येक गर्भपात थायरॉईडमुळे होतो असे नाही आणि तिचे दोन्ही त्यामुळेच झाले असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण पहिले तीन महिने बाळ थायरॉक्सिनसाठी सर्वस्वी आईवर अवलंबून असते. दिवस राहिल्यावर आईची गोळी साधारण पाव ते एक-तृतीयांश पटीने वाढवावी लागते. म्हणून अशा स्त्रीने पाळी चुकताच, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. आम्ही गोळी सुरू केली, जावयांना बोलावून सगळे समजावले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “एवढंच होतं तर आधीच सांगायचं ना.” पुढे दिवस राहिले, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीत डोस वाढवला, आणि आज तिची लेक शाळेत जाते.

यात माझीही चूक होतीच. पाच वर्षे मी गोळी लिहून देत होतो, पण लग्नानंतर आणि गरोदरपणात काय करायचे हे तिला एकदाही सांगितले नव्हते. चांगला डॉक्टर ते आधी सांगतो. स्थळ पाहताना मुलीच्या थायरॉईडवरून नाक मुरडणाऱ्यांनाही सांगतो: रोज एक गोळी घेणारी मुलगी आजारी नसते. गोळी लपवायला लावलेली मुलगी मात्र आजारी पडते.

जाता जाता आणखी एक. काही बाळे जन्मतःच कमी थायरॉईड घेऊन येतात. सुरुवातीला ती अगदी चांगली दिसतात. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर त्यांची बुद्धी वाचते. उशीर झाला तर गेलेले परत येत नाही. म्हणून प्रत्येक बाळाची जन्मल्यानंतर टीएसएच तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी सुचवली नाही तर तुम्ही मागा.

रुग्णाचेही काम आहे

चांगला डॉक्टर मिळणे थोडे रुग्णाच्याही हातात असते. एक साधी फाईल करा. तारीख, टीएसएचचा आकडा, गोळीचा डोस अशा तीन रकान्यांचे एक पान त्यात लावा. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर ते पान पुढे ठेवा आणि थायरॉईडची गोळी चालू आहे हे न विचारताही सांगा. “किती दिवसांनी पुन्हा तपासायचं?” हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारा. या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही किंवा ज्याला प्रश्नाचा राग येतो, त्याची पाटी कितीही मोठी असो, तुम्ही दुसरा दवाखाना शोधा.

आणि गुरुजी? त्यांना मी म्हटले, “गुरुजी, चांगला डॉक्टर सांगतो, पण आधी काकूंना घेऊन या. रिपोर्टला औषध देता येत नाही.” गुरुवारी काकू आल्या. हिवाळा नसताना खांद्यावर शाल होती. वर्षभर शौचाचा त्रास होता, आमटीत मीठ दोनदा पडू लागले होते आणि आपण कामाला निरुपयोगी झालो असे त्यांना वाटू लागले होते. हे सगळे गुरुजींनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. गळा पाहिला, हृदयाचा आलेख काढला, वयाचा विचार करून २५ मायक्रोग्रॅमने सुरुवात केली आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. समाधान नसेल तर शहरातल्या तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी देतो, असेही सांगितले. काकू गुरुजींकडे पाहून म्हणाल्या, “आधी ह्यांच्या गोळीचं बघू. पुण्याला जायचंच असेल तर बरी झाल्यावर नातवाकडे जाऊ.”

सहा आठवड्यांनी त्या नाही आल्या, तर मी गुरुजींना निरोप पाठवणार आहे. तुमचा डॉक्टर असा निरोप पाठवत असेल, तर त्याला सोडू नका.